शेप्या आंब्याचं माहेर

आमच्या बांधावरचा आंबा यंदा वाळला. सालीला शेपूचा वास, म्हणून त्याला शेप्या म्हणायचो. वडवणीच्या नर्सरीवाल्यानं खोड पाहून सांगितलं, कलमाला घ्यावी अशी एक हिरवी काडी यात उरलेली नाही. ज्या झाडाची ही कोय, त्याचीच काडी मिळाली तर बघा. आईनं लगेच पाटोद्याकडचं आपलं माहेर सांगितलं. सासरच्या रानात तिचं म्हणावं असं हे एकच झाड होतं. ते वाळल्यापासून तिचं जेवणावरून मनच उडालं होतं.

त्यात चुलत्यांनी घोळ घातला. "कसलं माहेर? आमी ऊसतोडीला गेलतो, तिकडून आली ती कोय. तुझ्या बापानं माझ्यासमोर लावली." वडील आता नाहीत. विचारायचं कोणाला?

मी चिडूनच मामाच्या गावी गेले. झाड होतं, पाडाला आलेलं. एक आंबा तिथंच चोखला. लांबट, रेषाळ, शेपूचा वास नावालाही नाही. संपलं, मला वाटलं. मामा हसला. "कोयीचं झाड आईवर जातंच असं न्हाई. तू तरी कुठं गेलीस?" म्हणजे चव जुळली नाही तरी माहेर खोटं ठरत नव्हतं, आणि जुळली असती तरी खरं ठरलं नसतं. माझं डोकं पार भंजाळलं. काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, थोडे आंबे घेतले आणि एसटीत बसले.

आईनं कोय पांढरी होईपर्यंत आंबा चोखला.

"हा न्हाई," ती म्हणाली.

"मग काका म्हणतात ते खरं?"

"खरं हाय. त्या साली कारखान्याचा हंगाम लई लांबला. माय वारली, मुकादमानं सोडलं न्हाई, मला मातीला जाता आलं न्हाई. तुझ्या बापानं तिथलाच कुठला तरी आंबा आणला. म्हणाला, खा, तुझ्या माहेरचा हाय. मला ठाव होतं, न्हाई ते. तरी खाल्ला. कोय गाठोड्यात बांधून आणली."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. काड्या हातातच होत्या. त्या लावाव्यात की टाकाव्यात, काही कळेना.

"मग मला मामाकडं कावून पाठवलंस?"

"मला वाटलं, इतक्या वर्सांत झाला असंल माहेरचा."