सव्वातीनला बुडालेला दिवस

परदेशात शनिवारी माणसं घरात लोळत नाहीत, डोंगर चढतात. सुट्टी वाया घालवायची एवढी जय्यत तयारी मी आमच्या कोल्हापुरात कधी बघितली नाही. स्वित्झर्लंडात नोकरीला असलेल्या धाकट्या बहिणीनं मला आणि आईला असंच एका शनिवारी बर्फात नेलं. "दादा, तासाभराची वाट हाय, बारकी पोरं चढत्यात," म्हणाली. बाहुबलीच्या डोंगराला गेलो की सत्तरीची आई पायऱ्या चढून दर्शन घेऊन येते आणि मी पायथ्याला चहा पीत बसतो, हे बाईसाहेब विसरल्या होत्या.

तासाभराची वाट तीन तास पुरली. लुगड्यावर बहिणीचा जाडजूड कोट चढवून आई पुढं, मी मागं. दोनदा आपटलो. दोन्ही वेळेला मला उठवायला एक गोरी म्हातारी धावत आली, म्हणजे इज्जतीचा तिकडंही पंचनामा झाला. मधे बहिणीनं जेवणाचा डबा काढला, तर मीच शहाणा. "आता कशाला? वर जाऊन निवांत खाऊया की!"

आम्ही जैन. दिवस बुडल्यावर आई अन्नाला शिवत नाही. वर पोचलो, बाकावरचा बर्फ झाडला, डबा उघडला आणि सव्वातीनला सूर्य समोरच्या सुळक्यामागं गेला. आईनं हात जोडले.

"बुडाला."

"आई, फोनवर बघ. बुडायला अजून दीड तास हाय."

"फोन जैन हाय व्हय? दिसंना झाला म्हणजे बुडाला."

आता घ्या! मधुमेहाची गोळी आणि कपभर दूध घेऊन ती सकाळी निघालेली. तिचे हात थरथरायला लागले होते. बहीण रडत रडत मला शिव्या घालत होती, तिकडं राहून एकही विसरली नव्हती. मी मात्र टरकलो होतो. आईला काही झालं तर?

तेवढ्यात वर बघितलं. शे-दोनशे पावलांवर बर्फावर अजून ऊन होतं.

"आई, तिथं कुठं बुडालाय?"

तिनं नीट निरखून बघितलं. "तिथं न्हाय बुडाला," म्हणाली.

डबा काखेत मारला आणि आईचा हात धरून निघालो. गुडघाभर बर्फ, मी पुढनं ओढतोय, बहीण मागनं ढकलतीय. उन्हात पोचल्यावर आई शालीवर मांडी घालून बसली आणि भाकरी-चटणी खायला लागली. हळूहळू हातांची थरथर थांबली. पण खालनं सावली चढत होती. दुसरी भाकरी निम्मी झाली आणि ऊन तिच्या अंगावरनं गेलं. आईनं घास थांबवला.

"आणि चार घास खा की गं."

उरलेली अर्धी भाकरी तिनं माझ्या हातात ठेवली. "तू खा. तुला कुठं काय नियम हाय."

टोमणा मारला असता तरी परवडलं असतं. पोराला भूक लागली असंल, एवढंच तिच्या मनात होतं. मी तिथंच सावलीत उभा राहून ती खाल्ली. भूक लागलीच होती.