धुळ्याला गेलेला भाग

तागे फाडून कापड विकणारे सुरतेत गल्लोगल्ली आहेत, पण पुस्तक फाडून ते माणसांना वाचायला लावणारा गृहस्थ अख्ख्या शहरात एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा उधन्याला राहायचे, बँकेत नोकरीला होते आणि रविवारी सकाळी कॉलेजातल्या मराठी पोरापोरींना घरी जमवून कादंबरीवर चर्चा घडवायचे. कादंबरी ठरलेली: खेड्यातला एक मुलगा मोठा होतो, घर सोडतो, शहाणा होतो. आमच्या आधीच्या पिढीने रडत वाचलेली. प्रत मात्र एकच होती आणि वाचणारी डोकी पुष्कळ. मामांनी सरळ ब्लेड घेऊन पुस्तकाची शिवण उसवली, भाग सुटे केले आणि प्रत्येकाला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा लावून ते पोरांत वाटून टाकले.

नियम असा की ज्याच्या हाती जो भाग, त्यावर बोलायचं त्यानेच. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सगळ्या भागांवर बोलून झालं की मग अदलाबदल. त्यामुळे जो तो आपापल्या भागासाठी शेताच्या बांधासाठी भांडावं तसा भांडे. सुरुवातीचा भाग मिळालेल्या पोरीला नायक म्हणजे शेंबडं पोर वाटायचं, शेवटचा भाग मिळालेला त्याला अहोजाहो करायचा. कतारगामला हिरे घासून शिकणाऱ्या एका मुलाच्या वाट्याला नेमका नापास होण्याचा भाग आला. कुणी नायकाला भित्रा म्हटलं की तो उसळून ओरडे, "सर, आवुं नी चाले, असं नाही चालणार! त्याच्या घरी काय चाललंय ते बघा ना!" मी या सभेला मामींच्या पोह्यांसाठी जायचो, हे उघड आहे. पण मामींचीही सुटका नव्हती. मामा घरात वर्तमानपत्रसुद्धा पानं सुटी करून वाटायचे आणि जेवताना ज्याने त्याने आपलं पान सांगायचं. मामींकडे कायम खेळाचं पान. बॅट कुठून धरतात हे ठाऊक नसलेल्या मामी आमटी वाढतावाढता पंचांचा उद्धार करायच्या.

त्या गटात बोलायला सगळ्यात तयार होती रेखा. वडील पॉवरलूमवर होते आणि कॉलेजची पायरी चढलेली त्या घरातली ती पहिलीच. तिच्याकडे पुस्तकाचा मधला भाग होता: मुलगा शिकायला घर सोडून निघतो तो. तिची पाळी गणपती बोळवल्यानंतरच्या रविवारी होती. तो रविवार आलाच नाही. चौऱ्याण्णवचा प्लेग आला आणि सुरत बघता बघता रिकामी झाली. मिळेल त्या गाडीने पोरं आईबापांबरोबर खानदेशात पळाली, आणि त्यांच्याबरोबर कादंबरीही नंदुरबार, धुळे, पारोळ्याला पांगली. मीही बायकोला घेऊन नाशिक गाठलं. मामा मात्र तोंडाला रुमाल बांधून उधन्यातच बसले. मामींनी डोकं आपटलं तरी त्यांचं एकच उत्तर होतं, "पुस्तक गावाला गेलंय. ते परत येईल तेव्हा दाराला कुलूप नको."

दिवाळीच्या सुमाराला भाग एकेक करून परत आले. एकावर हळदीचा हात उमटला होता, एकाचा कोपरा शेळीने खाल्ला होता, आणि तेवढ्या ओळी त्या हिरेवाल्या पोराने मनाने रचून सांगितल्या. रेखाचे वडील मात्र तुळशीची लग्नं होऊन गेल्यावर आले, तेही एकटेच. जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे वाईट बातमीही त्यांनी ओरडूनच सांगितली. "पोर आते मोठी व्हयनी, सर. धुळाले लगीन लाई दिधं. तुमनं पुस्तक मांगी लेऊ का?"

मामा म्हणाले, "नको. तिचं बोलायचं राहिलंय अजून."

पुढे मला एका लायब्ररीत त्याच कादंबरीची प्रत सापडली. तेवढ्या पानांची झेरॉक्स आणतो म्हटलं तर मामा माझ्यावरच चिडले. "हरवलेल्या वस्तूची झेरॉक्स काढतात. तो भाग धुळ्याला आहे!" दरवर्षी नवी पोरं आली, चर्चा त्या जागेपर्यंत आली की मामा म्हणायचे, "हा भाग धुळ्याला आहे," आणि गाडी पुढे. नव्या पोरांपैकी निम्म्यांची समजूत झाली होती की नायक शिकायला धुळ्याला गेला.

अशी काही वर्षं गेली आणि एका आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, रेखा आली. सासरच्यांनी या सणाला माहेरी सुरतेला पाठवली होती ती पहिल्यांदाच. कडेवर मुलगी, पिशवीत तो भाग, पुठ्ठा तसाच. मामांनी खुशाली विचारली नाही, पाणी विचारलं नाही. मला आणि मामींना समोर बसवलं आणि म्हणाले, "हं, बोल रेखा. मुलगा घर सोडतो. बरोबर की चूक?"

"बरोबर, सर," ती म्हणाली. पाठ असल्यासारखी बोलत गेली आणि शेवटच्या पानावर आली. "तो जातो तेव्हा दारात त्याची बहीण उभी असते. त्याचं ताट तिनेच वाढलेलं असतं. पुढचे भाग मला मिळालेच नाहीत, सर. तिचं पुढं काय झालं?"

मामांना ती कादंबरी तोंडपाठ होती. पुढे ती बहीण कुठेच येत नाही.  मामा म्हणाले, "लिहिलेलं नाही गं. आणि इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंही नाही. मलाही सुचलं नाही." मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. ते उठले, कपाटातले बाकीचे सगळे भाग काढले, तिच्या भागाच्या मागेपुढे नीट लावले आणि साडीच्या रिकाम्या खोक्यात घालून तिच्या हातात दिले. एका माणसाला अख्खं पुस्तक त्यांनी दिलेलं मी तेवढंच पाहिलं.

"सगळं वाच," ते म्हणाले. "आणि बहिणीचं काय झालं ते पुढच्या आखाजीला तू सांगायचं. तो भाग तुझा."

रविवारी आता मोजकीच पोरं येतात. पुस्तक कुठंय म्हणून विचारतात. मामा सांगतात, धुळ्याला आहे. आणि आखाजी जवळ आली की ते खुर्च्या पुसून ठेवतात.