आईचे चिखलातले पाय
मासळीबाजारात निवट्यांची पाटी दिसली की खाडीच्या चिखलाचा तो उग्र वास येतो आणि मला आईचे पाय आठवतात. मी कॉलेजात होते. मुलुंडकडच्या खाडीवर पक्षी बघायला आमचा ग्रुप निघाला, तेव्हा मी आईलाही नेलं. तिचा सगळा जन्म त्याच चिखलात बिळं करून राहणाऱ्या निवट्या, ते छोटे मासे, हाताने धरण्यात गेला होता. ओहोटी लागलेली, समोर फ्लेमिंगोंचा थवा, आणि आम्ही बांधावर श्वास रोखून उभे. आईला एक निवटी बिळात शिरताना दिसली, तशी ती लुगडं वर खोचून सरळ खाली उतरली. "ओ मावशी, वर या! पक्षी उडतील ना!" आमचा गाईड म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाजून मीही म्हटलं, "आई, ये ना वर, प्लीज." तिने मान वळवली नाही. "मना वलखतान ती पाखरं," एवढंच म्हणाली. कमरेत वाकून, पक्ष्यांकडे न बघता ती सावकाश चालत राहिली आणि पक्षी चिखलात चोची घालून खात राहिले. न राहवून गाईड जोरात ओरडला, तेव्हा मात्र सगळा थवा उडाला. आईने कोपरापर्यंत हात घालून निवटी काढली आणि त्याला लांबूनच दाखवली. आई आता नाही. मी अजून जाते तिथे. फाटकावरच्या रजिस्टरात 'कुठून आलात' या रकान्यात दरवेळी लिहिते, 'इथूनच'. परवा चौकीदार म्हणाला, "मॅडम, नीट पत्ता लिहा." मी तोच शब्द पुन्हा लिहिला, जरा मोठ्या अक्षरात.