वंशावळीतल्या बायका

वडिलांना वंशावळीचं वेड लागलं तेव्हा आम्ही मुलुंडला राहत होतो आणि मी कॉलेजात होते. फोर्टातल्या ऑफिसातून आले की चहा घेऊन ते रंगीत खडू हातात घ्यायचे. कागद पुरेना, म्हणून बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत त्यांनी वापरायला काढली होती. गेरूचं खोड, त्याला फांद्या, फांद्यांवर पणजोबा, खापरपणजोबा. येणारा प्रत्येक नातेवाईक आधी भिंतीपाशी जायचा, काहीतरी दुरुस्ती सांगायचा आणि मगच टेकायचा.

एका रविवारी पोहे देता देता आई म्हणाली, "एवढ्या पिढ्या झाल्या, यात एकही बाई नाही. ही सगळी मुलं पुरुषांनीच जन्माला घातली का?"

वडील हसले, पण खडू त्यांनी माझ्या हातात दिला. माझं अक्षर बरं होतं. सोपं वाटलेलं काम लगेचच अडलं. आजीचं नाव ठाऊक होतं. पणजीला सगळे 'मोठी बाय' म्हणत, खरं नाव कुणालाच सांगता येईना. वडिलांनी भावांना विचारलं, तर तेही 'मोठी बाय'च म्हणाले.

म्हणून आम्ही घाटकोपरहून वडिलांच्या काकूला आणलं. आमच्यात आता सगळ्यांत मोठी तीच. नऊवारी सावरत ती भिंतीसमोर स्टुलावर बसली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक फांदी वाचून दाखवत गेले. पणजीचं नाव तिने चटकन सांगितलं. वडिलांनी ते स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग मी काकूच्या नवऱ्याशेजारी काकूचं नाव लिहिलं आणि वाचलं.

"हे सासरचं," ती म्हणाली. "माहेरचं लिहिशील का गं?"

तिने सांगितलेलं नाव आमच्या घरात कुणीच कधी ऐकलं नव्हतं. लग्नात नाव बदललं तेव्हा ती परकरात होती. नव्या नावाने हाक आली की कुणाला बोलावताहेत तेच तिला कळायचं नाही, आणि सासूला वाटे, पोरगी बहिरी आहे. सांगताना ती स्वतःच हसत होती. वडील मात्र उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर भिंतीवर बायकांची दोन-दोन नावं आली. आत्या, काकू मुद्दाम वाट वाकडी करून यायच्या आणि आपापली सांगून जायच्या. दिवाळीआधी चुना द्यायची वेळ आली तेव्हा आईने ते सगळं झाड एका पांढऱ्या चादरीवर रंगवून घेतलं आणि पुढे माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात हॉलमध्ये टांगलं. पानं वाढली तरी माणसं तिथून हलेनात.

लग्न लागल्यावर संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहायला हात पुढे केला. सासरी काय नाव ठेवायचं ते आधीच ठरलं होतं. तेवढ्यात बहीण हळूच म्हणाली, "माझं आहे तेच लिहा."

तो थबकला. आईकडे बघावं की बायकोकडे, असं त्याला क्षणभर झालं. मग त्याने तिचंच नाव लिहिलं. त्याच्या आईचा चेहरा थोडा उतरला. पण निघताना त्या चादरीपाशी आल्या, बराच वेळ वाचत राहिल्या आणि माझ्या आईला विचारू लागल्या, हा रंग धुतल्यावर जातो का, आणि आमच्याकडचं असं झाड कुणी काढून देईल का.