परळचा दगड आणि ठाकूरद्वारची वाळू

माझ्या नवऱ्याने आपल्या वडिलांना घरी राहायला आणण्यासाठी एकदा भूकंप वापरून पाहिला. ‘बाबा, एकटे राहू नका, आमच्याकडे या’ एवढं सरळ म्हणायला त्याची जीभ वळत नव्हती. तो गेला त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे त्याच्या विद्वत्तेबद्दल बोलतात. मला हीच गोष्ट आठवते, आणि अशा घरात शोभणार नाही असं हसू येतं.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती. तो मिटला, मोडला की नुसताच विरून गेला, याबद्दल चाळीत तीन मतं होती. मामंजींच्या मिलचा दरवाजा मात्र बंद होता, याबद्दल एकमत होतं. उभा जन्म कापड विणणाऱ्या साच्यांपुढे काढलेले मामंजी, सासूबाई गेल्यापासून परळच्या चाळीत एका खोलीत एकटे राहत होते. आम्ही दोघं ठाकूरद्वारला, माझ्या माहेरच्या वाडीत. दर रविवारी आम्ही परळला जायचो. तिकडे चला, असा विषय मीच काढायचे. मामंजी प्रत्येक वेळी एकच विचारायचे, “थंयसून माका भोंगो ऐकाक येतलो?”

मिल सुरू झाली तर भोंगा होईल आणि तो त्यांना ऐकू यायला हवा. नवरा खिडकीबाहेर बघत बसायचा.

तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. दूरदेशी एक मोठं शहर भूकंपात कोसळलं होतं. ते जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं होतं, आणि भूकंपाचं केंद्र कितीतरी लांब असूनही हानी गाळावरच्या घरांची झाली होती. तेव्हापासून त्याला मुंबईचा ध्यास लागला. आपल्याकडेही दोन बाजूंना काळ्या दगडाच्या टेकड्या आणि मध्ये चिखल, वाळू, भराव. एखाद्या ताटलीत गाळ भरावा तशी ही जमीन. ती हलली तर कुठे किती हलेल, हे त्याला संगणकावर करून बघायचं होतं. त्याने शहराचा एक उभा काप कागदावर काढला, त्याचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात खाली दगड आहे की गाळ ते लिहायला घेतलं. ही माहिती कुठे मिळणार? म्हणून तो गिरगावातल्या वाड्यावाड्यांत फिरून म्हाताऱ्यांना विचारायचा, की तुमची बुजवलेली विहीर किती खोल होती आणि खाली काय लागलं होतं. बहुतेक विहिरींत खाली भूत लागलं होतं. तो तेही ऐकून घ्यायचा, मग पुन्हा नम्रपणे विचारायचा, “आणि भुताच्या खाली?”

एका रविवारी त्याने हा सगळा प्रकार मामंजींना समजावून सांगितला. परळची ही बाजू सखल, जुन्या दलदलीजवळची, म्हणजे खाली गाळच असणार, असं तो ठासून म्हणाला. मामंजींनी विचारलं, “जमीन कधी हलतली?” ते सांगता येत नाही, हलली तर कशी हलेल एवढंच सांगता येतं, असं तो म्हणाला. त्यावर मामंजींनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की बाई गं, या माणसाला पगार कोण देतं?

मग त्याने फळीवरची दह्याची वाटी खाली घेतली. वाटीला टिचकी मारली. वाटी लगेच थांबली, दही मात्र थरथरत राहिलं. वाटी म्हणजे दगड, दही म्हणजे गाळ, तो म्हणाला. हादरा गाळात शिरला की त्याचा वेग मंदावतो, पण जोर वाढतो, कडेच्या दगडावर आपटून परत येतो, त्याला बाहेर पडायला वाट सापडत नाही. मामंजींनी स्वतः दोनतीन टिचक्या मारून पाहिल्या. पटल्यासारखी मान हलवली. मग साखर घालून पुरावा खाऊन टाकला. पण जाता जाता म्हणाले, की चाळीच्या पायाला सुरुंग लावले होते असं त्यांनी ऐकलं होतं, गाळाला कोणी सुरुंग लावतं का? नवऱ्याने ते मनावर घेतलं नाही. चाळीत ज्याला त्याला आपला पाया सुरुंगाचाच वाटतो.

पुढे त्याच गल्लीत एका नव्या इमारतीसाठी खड्डा खणला गेला. नवरा तो बघायला गेला आणि तोंड पाडून परतला. खड्ड्यात वरच्या वरच काळा पाषाण होता. त्याने घरी येऊन परळचे चौकोन खोडले आणि दगड लिहिला. कॉलेजातला संगणक रात्रभर चालला. सकाळी तो कागदांची लांबच लांब घडी काखेत मारून आला आणि चहा न घेता जमिनीवर पसरून बसला. परळची चाळ थोडी हलून थांबत होती. सगळ्यात जास्त वेळ हलत होतं ते ठाकूरद्वार. आमची वाडी, आमच्या दोन खोल्या, तो बसला होता ती जमीन.

मी म्हटलं, एवढं सगळं मामंजींना सांगायलाच हवं असं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याला देवळातली घंटा चोरायला सांगत होते.

रविवारी त्याने वडिलांपुढे कागद ठेवला आणि उत्तरपत्रिका तपासल्यासारखं स्वतःचं चुकलेलं वाचून दाखवलं. तुमच्याखाली दगड आहे. आमच्याखाली वाळू. मामंजींनी सगळं शांतपणे ऐकलं. कागदावर बोट फिरवून ठाकूरद्वार कुठे ते विचारून घेतलं. मग म्हणाले,

“मगे तुमीच हंय येवा.”

नवऱ्याने कागदाची घडी घालायला सुरुवात केली आणि ती चुकीची घातली. मी त्याच्याकडे पाहत होते. इतके महिने तो ज्या वाक्याभोवती फिरत होता, ते वडिलांनी एका दमात म्हणून टाकलं होतं.

लोक गिरणगाव सोडून डोंबिवली, विरारला जात होते, तेव्हा आम्ही दोघं पुस्तकांच्या पेट्या घेऊन परळला राहायला आलो. माझ्या माहेरच्यांनी कपाळाला हात लावला. मामंजींनी आपलं अंथरूण गॅलरीत नेलं, वर आमच्यामुळे जागा उरली नाही म्हणून कुरकुर केली. पेट्या उघडल्यावर मला म्हणाले, “चाळ भूकंपान नाय, तुज्या पुस्तकांनी पडतली गो.” मग फळकुटं आणून स्वतःच भिंतीला फळ्या ठोकल्या.

भोंगा काही झाला नाही. त्याची वाट बघायला मात्र आता तिघं होतो. मामंजींनी मुलाबद्दल चाळभर सांगितलं, “झील भूकंपाक भियान इलो, म्हणान घरात घेतलंय.” नळावर, जिन्यात, नाक्यावरच्या चहावाल्याकडे लोक माझ्या नवऱ्याला विचारायचे, काय प्रोफेसर, आज हलणार का? विद्यार्थ्याची एक वेलांटी चुकली तरी लाल शाईने गोल करणारा तो माणूस नुसता हसायचा आणि म्हणायचा, आज नाही बहुतेक.