ओळंब्याची दोरी

शाळेच्या पालकसभेत सुकन्याने शाळाखोल्यांच्या पाहणीचा अहवाल उघडला आणि तिचं डोकं भणाणलं. चौथीच्या वर्गाची भिंत फोटोत काठीसारखी सरळ उभी होती. खाली लिहिलं होतं, "दुरुस्तीची गरज नाही." शेजारचा झेंड्याचा खांब मात्र दारू प्यायल्यासारखा झुकलेला. तो खांब गेल्याच वर्षी साऱ्या गावासमोर ओळंबा लावून रोवला होता.

"साहेबाचा अहवाल हाय, बाई," बसलिंगप्पा गुरुजी म्हणाले. "म्या तीनदा लिवलो भिंतीबद्दल. हे बगा उत्तर."

तो फोटो सुकन्यानेच सरळ केला होता.

उदगीरला वीरण्णांच्या फोटो स्टुडिओत ती बारा वर्षं कॉम्प्युटरवर बसत होती. गेल्या महिन्यात पाहणीच्या ठेकेदाराकडून दोनशे चाळीस शाळाखोल्यांचे फोटो आले. मोबाईल वर करून घाईत काढलेले. प्रत्येक इमारत मागे रेललेली. तिने एका फोटोवर उभ्या रेषा सरळ करायचं सेटिंग लावलं, तेच बाकी सगळ्यांना चिकटवलं आणि चहाला गेली. कोणती रेष कॅमेऱ्यामुळे वाकडी आणि कोणती मुळातच वाकडी, हे कॉम्प्युटरला कळत नाही; त्याने कललेली भिंत उभी केली आणि उभा खांब झुकवला. तिला कळायला हवं होतं. तिची लेक शिवांगी त्याच भिंतीला टेकून बसायची.

ती तडक स्टुडिओत गेली.

"अण्णा, ते फोटो परत मागवा. सगळे एकेक करून बघावे लागतील."

"येडी झालीस काय? गिऱ्हाईकानं सरळ मागितलं, आपण सरळ दिलं. लग्नाचे चार अल्बम पडून हायेत."

"नवरदेवाचं पोट आत घेते, नवरीला गोरी करते, तोवर ठीक होतं. हितं लेकरं बसतेत अण्णा. तुमचा नातू बसला असता तर?"

"लई बोलायलीस आज," वीरण्णा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मन्मथ मिस्त्रीला ओळंबा घेऊन शाळेत आणलं. पत्र्याखाली भिंतीच्या माथ्याला दोरी बांधली, तिच्या टोकाचं लोखंडी वजन खाली सोडलं. दोरी वर भिंतीला चिकटलेली, आणि पायाशी चांगली वीतभर लांब. भिंत बाहेर कलली होती. मन्मथने एकदा बघितलं आणि शिवांगीचं दप्तर स्वतः उचलून बाहेर ठेवलं. गुरुजींनी लगेच चौथीचा वर्ग मठाच्या ओसरीवर नेला.

सुकन्याने फोटो काढला. या वेळी सेटिंग भिंतीवर नाही, दोरीवर लावलं. दोरी उभी झाली, खांब उभा झाला, भिंत जशी होती तशी दिसली. तिने तो थेट ठेकेदाराच्या कचेरीत पाठवला.

दुपारी फोन आला. "मॅडम, एक फोटो वाकडा आलाय. सरळ करून पाठवा."

"फोटो सरळच आहे. दोरी बघा."

"अहो, अहवाल वर गेलाय आता."

"मग खाली आणा. न्हाई तर ती दोरी घेऊन मी तुमच्या दारात येते, सगळ्या गावाला घेऊन."

तिने फोन ठेवला. मग मूळ फोटो उघडले आणि पहिल्यापासून बघू लागली: खांब कुठं आहे, दाराची चौकट कुठं, भिंत कुठं. वीरण्णांनी अल्बमचा गठ्ठा टेबलावरून उचलला आणि बाजूला ठेवला. अजून दोनशे एकोणचाळीस भिंती उरल्या होत्या, आणि त्यांना टेकून कुणाकुणाची लेकरं बसली होती.