ऊलाँगला लागलेला हळदीचा वास

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. दार्जिलिंगकडं पोस्टिंग असताना सुट्टीवर येताना त्यानं ऊलाँग चहा आणला. काळपट, वळलेली पानं. नीट सांभाळला तर हा चहा वर्षागणिक गोड होतो, असं आमच्या ह्यांनी मोबाईलवर वाचलं आणि त्यांना नादच लागला. चिनी मातीची बरणी आणली, झाकणावर फडकं बांधलं. पावसाळा सरला की पानं मंद आचेवर परतून दमटपणा घालवायचे. मला बरणीला हात लावायची सोय नव्हती.

भाऊ रिटायर होऊन इस्लामपूरला आला आणि पहिल्यांदाच बायकोला घेऊन आमच्याकडं सांगलीला जेवायला आला. ह्यांनी बरणी आणली, कप मांडले, चहा कसा मुरवतात ते सांगत बसले. फडकं सुटलं आणि खोलीभर हळदीचा वास आला.

ह्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडं वळून म्हणाले, "हळदीशेजारी ठेवलीस ना? एवढं सांगूनही तुला कळत न्हाई."

माझे कान तापले. भावजय पदराशी चाळा करत होती. गेल्या पुरात ह्यांनीच बरणी छातीशी धरून माडीवर नेली होती, हळदीच्या पोत्याला टेकवून ठेवली होती. त्यानंतर पानं आचेवर परतायचं राहूनच गेलं. पण माझ्या भावादेखत त्यांना खोटं कसं पाडायचं?

"ठेवली असंल," मी म्हणाले.

ह्यांनी तरी त्याच पानांचा चहा करून कपांत ओतला. भाऊ माझ्याकडं बघत होता. मग त्यानं कप उचलला आणि सगळा चहा प्याला. "चांगला झालाय, दाजी."

त्या शब्दांनी मला जास्तच लाज वाटली. माहेरची माणसं माझ्या घरी माझ्यासाठी कडू घोट गिळत होती. दुधाचा चहा टाकते म्हणून मी आत गेले.

हे मागोमाग आले. ओट्याशी येऊन म्हणाले,

"बरणी मीच वर नेलती."

"आवं, मला म्हाईत हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमीच सांगा की जाऊन."

ते गेले. बाहेर त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकू आला. "पाव्हणं, चूक माझीच हाय. तुमच्या आक्काला उगाच बोललो."

भाऊ म्हणाला, "मी वळखलंच हुतं, दाजी. आक्का असं कधी करायची न्हाई."

चहा उतू जायला लागला तशी मी गॅस बंद केला. डोळे पुसले, पण ट्रे घेऊन लगेच बाहेर जायला पाय निघेना. शेवटी भावजयच आत आली आणि माझ्या हातातून ट्रे घेऊन गेली.